चौथीच्या वर्गात ब्लॉग कसा वापरावा? मुलांकडे मोबाइल नाहीत.

तुमचा एक फोन पुरेसा आहे. मुलांना आधी वहीतच लिहू द्या: आजीची भाकरी, गावची विहीर, बांधावर दिसलेला पक्षी. आठवड्याला दोन लेख मुलांनीच निवडायचे आणि व्हॉइस टायपिंगने मराठीत बोलून ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-संकेतस्थळावर टाकायचे. ते फुकट आहे. फोन चुकीचं उमटवतो तेव्हा मुलं ऱ्हस्व-दीर्घावर हिरिरीने वाद घालतात. शुद्धलेखनाचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही! मुलांची पूर्ण नावं, फोटो मात्र टाकू नका.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. तसाच तुमच्या ब्लॉगचा कोड शाळेच्या दारावर चिकटवा, मुलांना न्यायला आलेले पालक तिथेच उभं राहून वाचतील.