खासगी कारलाही स्पीड लिमिटर सक्तीचा करावा का?

तुमचे प्रश्न दोन: ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारा स्पीड लिमिटर उद्या खासगी कारलाही आला तर, आणि मुलाच्या नव्या कारला तो आत्ताच बसवावा का. पहिल्याचं उत्तर: करावा सक्तीचा. पण ताशी ८० किलोमीटरचा नको, १२० चा. आणि त्याने शहरातले अपघात थांबतील या भरवशावर राहू नका.

'उद्या लिमिटर आला तर' असं तुम्ही विचारलंय. अहो, तो कधीच आलाय, फक्त तुमच्या गाडीला नाही. माझा पुण्यात टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे. आमच्या पिवळ्या पाटीच्या गाड्या ८० ला लॉक असतात. नव्या ट्रक-बसना २०१५ पासून स्पीड गव्हर्नर, म्हणजे हाच लिमिटर, कंपनीतूनच बसून येतो, टॅक्सीवाल्यांवर तो त्यानंतर आला. डंपर-टँकरला मर्यादा ६० ची, शाळेच्या बसलाही ८० हून कमीच.

आता एकाच शोरूममधून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या निघाल्या समजा. पिवळी पाटी ८० ला अडते, पांढरी १५०-१६० पर्यंत आरामात जाते. पिवळीच्या स्टिअरिंगवर रोज गाडी चालवून पोट भरणारा माणूस, घाटातलं वळण न वळण पाठ असलेला. पांढरीवर कदाचित गेल्या महिन्यात लायसन्स मिळालेला मुलगा. आणि कायद्याने विश्वास टाकला तो या मुलावर! मला याचं एकच कारण दिसतं: पांढऱ्या पाटीवाला आरडाओरडा करू शकतो, आमच्या ड्रायव्हरचं कोण ऐकतं?

'स्वतःच्या गाडीत स्वतःची मर्जी' हा मुद्दा मला पटत नाही. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला १००. १२० च्या वर जायची मुभा आपल्याकडे कुठल्याच रस्त्यावर नाही, मग काढून काय घेतलं जातंय? एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. सगळा १०० ने काढला तरी ५७ मिनिटं, १२० ने ४७. ही दहा मिनिटं वाकडला ट्रॅफिकमध्ये जातात ती जातातच. धडकेचा जोर मात्र १०० वरून १२० ला जवळजवळ ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे चढतो.

मग ८० का नको? एकदा ८० ला लॉक असलेल्या गाडीतून ट्रक ओव्हरटेक करून बघा. ट्रक ७५ ने चाललाय, तुम्ही ८० ने. ट्रकची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर धरून साठेक मीटर जास्त कापायचे असतील, तर त्याला चाळीस सेकंदांच्या वर लागतात आणि तेवढ्यात गाडी किलोमीटरभर पुढे गेलेली असते. दोनपदरी रस्त्यावर समोरून एसटी आली की पाय पूर्ण दाबूनही गाडी उचलत नाही. आमचे जुने ड्रायव्हर अशा ठिकाणी ओव्हरटेकचा विचारच सोडून देतात. नवा ड्रायव्हर घाम फुटल्यावर शिकतो. समृद्धीवर उलटा प्रकार: आपण ८० ला आणि मागून १३० ने येणारा डिपर मारतोय. वेगात एवढी तफावत असणं हाच तिथे धोका आहे.

गव्हर्नर ब्रेक लावत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. ॲक्सिलरेटरच्या पेडलकडून जाणारा सिग्नल तो अडवतो, एवढंच. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी आपल्या वजनानेच पळते, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्या ट्रकला तर अजिबातच नाही.

दुसरी गंमत पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची. लिमिटरचा बाहेरून बसवलेला डबा असेल तर पासिंगच्या दिवशी वायर जोडायची, सर्टिफिकेट दाखवायचं, घरी येऊन वायर काढायची. धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सक्ती करायचीच तर मर्यादा कंपनीने गाडीच्या ईसीयूमध्येच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्येच टाकून द्यावी. ते अवघड नाही. व्होल्वोने २०२० पासून आपल्या गाड्या १८० वर रोखल्या, जपानमध्येही तिथल्या कार वर्षानुवर्षं १८० वरच थांबतात. नुसत्या आवाजाने काही होत नाही. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत बीप सक्तीचा आहे. लोक गाणी मोठी करतात.

शहराचं म्हणाल तर १२० चा लिमिटर तिथे असून नसल्यासारखा. २०२२ मध्ये देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग लावलाय, आणि मेलेल्यांत दुचाकीवाले आणि पादचारी मिळून साठ टक्क्यांच्या वर. शाळेसमोर ६० ने जाणारी कार कुठल्याच लिमिटरला वावगी वाटत नाही. त्यासाठी रस्त्याची मर्यादा ओळखणारी यंत्रणा लागते. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला ती आहे: कॅमेरा पाटी वाचतो, नकाशाशी ताडतो आणि ड्रायव्हरला टोकतो. पेडल जोरात दाबलं तर तिच्यावर मात करता येते, बंदही करता येते, पण पुढच्या वेळी गाडी चालू केली की ती पुन्हा चालू. आपल्याकडे निम्म्या पाट्या झाडाआड, उरलेल्यांवर वाढदिवसाचे फ्लेक्स. कॅमेऱ्याने वाचायचं काय, भाऊंना शुभेच्छा?

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, मुलाच्या नव्या कारला बाहेरून लिमिटर बसवावा का. माझं मत, नको. पेडलच्या वायरिंगला हात लागला की कंपनी वॉरंटीवरून भांडते, आणि काढायला त्याला दहा मिनिटं लागतील. घेतानाच क्रूझ कंट्रोलबरोबर स्पीड लिमिटर असलेलं व्हेरियंट बघा, बऱ्याच मॉडेल्सना येतं. ते तो बंद करू शकतो हे खरं. म्हणून मोबाइल ॲपवर वेगाचा अलर्ट येणारी गाडी असेल तर आणखी बरं. अलर्ट ९० ला लावा आणि तो तुमच्या फोनवर येतो हे त्याला आधीच सांगून टाका.