पावणेदोन लाख भरून नैरोबीला जावे का?

प्रश्न (संक्षेपाने): माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पस मुलाखतीतून पुण्याच्या एका आयटी कंपनीत तिची निवड झाली आहे. परंतु केनियात जाऊन वस्तीपातळीवर मुलांना तंत्रज्ञान शिकवायचे, असा तिचा हट्ट आहे. एका संस्थेने नैरोबीतील वस्तीत तीन महिने संगणक शिकवण्यासाठी तिला निवडले असून, प्रवासखर्च वगळून पावणेदोन लाख रुपये भरण्यास सांगितले आहे. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. याला करिअर म्हणता येईल का? आणि पैसे भरावेत का? मुलीने स्वतः लिहिलेली टिपणे सोबत जोडली आहेत.
— एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर:

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याला मुदत आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते: हे पैसे भरू नयेत. मात्र त्याबरोबर मुलीची इच्छाही गुंडाळून ठेवू नये. तिची टिपणे मी दोनदा वाचली. त्यांत भाबडेपणा आहे, पण अभ्यासही आहे, आणि अभ्यास करून धरलेल्या इच्छेला हट्ट म्हणणे मला पटत नाही.

जी संस्था स्वयंसेवकाकडूनच शुल्क घेते, तिचा खरा ग्राहक तो स्वयंसेवकच असतो, आणि मग तिचे सारे वेळापत्रक त्याच्या सोयीने आखले जाते. तीन महिन्यांतला पहिला महिना माणसे आणि भाषा ओळखण्यात जातो, शेवटचे पंधरा दिवस निरोपात जातात, आणि मधल्या दीड महिन्यात जे शिकवले जाते ते पुढचा स्वयंसेवक आला की पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारा एक विद्यार्थी असेच पैसे भरून पूर्व आफ्रिकेत गेला होता. त्याच्या वर्गातील मुलांनी माऊस कसा धरायचा हा धडा त्याच्याआधी चार जणांकडून घेतलेला होता, आणि हे त्याला त्या मुलांनीच हसत हसत सांगितले. दर तिमाहीला शिक्षक बदलणाऱ्या वर्गाचे काय होते, ते मी आपल्याला सांगायला नको.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशपरवान्यावर केनियात काम करता येत नाही, आणि ‘काम’ या शब्दात विनावेतन कामही येते. संस्था आपल्या मुलीला कोणत्या परवान्यावर नेणार आहे, याचा उल्लेख आपण पाठवलेल्या माहितीपत्रकात कोठेही नाही.

आता करिअरविषयी. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि साऱ्या खंडाला लागू पडेल असा सल्ला देणे शक्य नाही. म्हणून मी केनिया आणि त्याच्या शेजाऱ्यांपुरतेच बोलते. मुलीने टिपणात किबेराच्या नकाशाचा उल्लेख केला आहे, तेथूनच सुरुवात करू, कारण वस्तीपातळीवरच्या तंत्रज्ञानाच्या या क्षेत्राचे मर्म समजायला त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

नैरोबीत युगांडा रेल्वेच्या जुन्या रुळांलगत किबेरा ही दाट वस्ती पसरलेली आहे. जगभरच्या लेखांत तिची लोकसंख्या दहा लाख असल्याचे बिनदिक्कत छापले जात असे. २००९ च्या जनगणनेत ती सुमारे १ लाख ७० हजार भरली. लोकसंख्येबाबतच इतका गोंधळ, तर पाणी कोठे मिळते, शौचालये किती, दवाखाने कोणत्या गल्लीत, याची नोंद कोण ठेवणार? सर्वांना उपलब्ध असलेल्या नकाशांवर तो भाग जवळजवळ कोरा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एरिका हेगन आणि मिकेल मरॉन या दोघांनी ‘मॅप किबेरा’ हा प्रकल्प सुरू केला आणि वस्तीतल्याच डझनभर तरुणतरुणींच्या हाती जीपीएस यंत्रे दिली. ही मुले गल्लीगल्लीतून चालली, पाण्याचे नळ, शौचालये, शाळा, दवाखाने यांची जागेवर नोंद केली आणि ती माहिती ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशावर स्वतः चढवली. काही आठवड्यांत वस्तीचा पहिला तपशीलवार खुला नकाशा तयार झाला.

मुलीच्या टिपणात गोष्ट येथे संपते. माझ्या मते खरे काम येथून पुढे सुरू झाले. किबेरात घरे पडतात, नवी उभी राहतात, रस्ता रुंद करायचा म्हणून अख्खी रांग हटवली जाते; नकाशात वर्षभर दुरुस्ती केली नाही तर तो खोटा ठरतो. नंतरच्या वर्षांत स्थानिक तरुणांनी तो चालू ठेवला, सरकारी यादीत नसलेल्या अनौपचारिक शाळांची नोंद केली, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी नकाशे कागदावर छापून दिले. टांझानियात दार-एस-सलामला २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘रामानी हुरिया’ या उपक्रमातही, ज्याचा स्वाहिली अर्थ ‘खुला नकाशा’ असा आहे, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि रहिवासी मिळून पुराचा धोका असलेल्या वस्त्यांतील गटारांची रुंदी आणि खोली मोजत फिरले. तंत्रज्ञान तेथे सोपेच होते. अवघड होते ते पावसाळा संपल्यावर पुन्हा जाऊन तेच गटार मोजणे.

याउलट चित्रही पाहावे. रवांडाने २००८ पासून शालेय मुलांसाठी दोन लाखांहून अधिक लहान लॅपटॉप वाटले. केनियात २०१३ च्या निवडणुकीत पहिलीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचे आश्वासन दिले गेले. निविदांच्या वादात ते अडकले आणि अखेर २०१६ मध्ये लॅपटॉपऐवजी टॅबलेट शाळांत पोचू लागले. तत्पूर्वी हजारो शाळांना वीजजोडणी द्यावी लागली. यंत्र आणण्यापेक्षा ते चार्ज करणे, बिघडल्यावर दुरुस्त करणे आणि शिक्षकाला त्याची भीती न वाटू देणे अधिक कठीण आहे, हे या दोन्ही देशांनी मोठी किंमत मोजून पाहिले. आपल्याकडील शाळांतही कव्हर घालून ठेवलेले संगणक आणि ‘किल्ली शिपायाकडे आहे’ हे उत्तर आपण ऐकलेच असेल, तेव्हा आफ्रिकेकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. तेथील तरुणांना तंत्रज्ञान शिकवायला बाहेरून कोणी येण्याची ते वाट पाहत आहेत, असे मुलीच्या टिपणातून जाणवते. वस्तुस्थिती तशी नाही. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, तेव्हा ओरी ओकोलो, ज्युलियाना रोटिच, एरिक हर्समन आणि डेव्हिड कोबिया यांनी नागरिकांच्या संदेशांवरून घटनांचा नकाशा दाखवणारी ‘उशाहिदी’ ही प्रणाली काही दिवसांत उभी केली. उशाहिदी म्हणजे साक्ष. दोन वर्षांनी हैतीच्या भूकंपात तीच प्रणाली वापरली गेली. २०१० मध्ये नैरोबीत ‘आयहब’ हे तरुण तंत्रज्ञांचे केंद्र उघडले, आणि त्याच वर्षी काही केनियन तरुणींनी ‘अकिराचिक्स’ ही संस्था काढली, जी गरीब घरांतील मुलींना वर्षभराचे तंत्रज्ञान प्रशिक्षण देते. या संस्थेच्या संस्थापकांपैकी अँजेला ओडुओर लुंगाटी पुढे उशाहिदीच्याच कार्यकारी संचालक झाल्या. २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध नैरोबीचे तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यातील तरतुदी सोप्या भाषेत समजावून सांगणारे चॅटबॉटही त्यांच्यातल्याच कोणी बनवले होते. नवी पदवी हातात घेऊन तेथे पोचलेल्या भारतीय मुलीला प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी कोणी पगार का द्यावा, याचे उत्तर तिने स्वतःपाशी शोधले पाहिजे.

उत्तर आहे, पण ते प्रोग्रामिंगच्या बाहेर आहे. इंटरनेट नसलेल्या शाळेत एका छोट्या रास्पबेरी पाय संगणकावर ‘कोलिब्री’सारखी मोफत प्रणाली चढवून पूर्ण वर्गाला धडे उपलब्ध करून देणे आणि दोन वर्षांनी ती चालू आहे की नाही हे पाहणे, ‘कोबोटूलबॉक्स’वर सर्वेक्षणाचे अर्ज तयार करून मिळालेली माहिती गावकऱ्यांना समजेल अशी मांडणे, स्थानिक प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणे, देणगीदारांसाठी खर्चाचा आणि परिणामांचा प्रामाणिक अहवाल लिहिणे, अशी ही कामे आहेत. संस्थांना माणसे लागतात ती यासाठी. त्यातली बरीचशी नीरस असतात, आणि म्हणूनच टिकणारी माणसे कमी मिळतात. ज्याने एक लहानसे काम सुरुवातीपासून दुसऱ्या वर्षीच्या दुरुस्तीपर्यंत स्वतः सांभाळले आहे, त्याचा अर्ज मुलाखत घेणाऱ्याच्या हातात वेगळाच लागतो.

हे काम शिकायला नैरोबी लागत नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर सर्वांत आधी सुरू झालेल्या फॅब लॅबपैकी एक, म्हणजे संगणकाच्या साह्याने वस्तू बनवण्याची सामुदायिक कार्यशाळा, २००२ मध्ये तेथे उभी राहिली. घानातील ताकोराडीची फॅब लॅब त्यानंतर दोन वर्षांनी आली. मुलीने केनियाचे तिकीट काढण्याआधी एकदा पाबळला जाऊन चार दिवस राहावे, असे मला मनापासून वाटते.

तिने पुण्याची नोकरी स्वीकारावी, असे माझे मत आहे. दुसरे समुपदेशक कदाचित थेट ग्रामीण फेलोशिपकडे वळवतील, आणि तेही चूक नाही. परंतु सर्व्हर, नेटवर्क आणि डेटाबेस यांची शिस्त दोन वर्षांत कंपनीत जशी अंगात भिनते तशी अन्यत्र भिनत नाही, शिवाय पुढील शिक्षणासाठी आपल्या भविष्य निर्वाह निधीला हात लावावा लागणार नाही. रुजू होताना बॉण्ड असेल तर त्याची मुदत मात्र नीट वाचून घ्यावी. या दोन वर्षांत तिने एकच जिल्हा परिषद शाळा निवडावी, महिन्यातले दोन शनिवार तेथे द्यावेत, आणि काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, किती खर्च आला याची वही ठेवावी. घरबसल्या ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या कामांत भाग घेऊन आफ्रिकेतील गावांचे नकाशे रेखाटता येतात. त्याला ना शुल्क लागते ना परवाना. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही १८ वर्षांवरील कोणालाही ऑनलाइन काम करता येते.

त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येते, त्यासाठी ‘गेट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र तर आपल्याला जवळच आहे. अभियंत्यांना समाजकार्याचे वर्ग सुरुवातीला फार शब्दबंबाळ वाटतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. क्षेत्रकार्य सुरू झाले की ती थांबते.

मग परदेश. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष जाऊन काम करणारे युवा स्वयंसेवक १८ ते २६ वयोगटातील असतात आणि विशेषज्ञ २७ वर्षांपुढील. दोघांनाही निर्वाहभत्ता मिळतो, म्हणजे पैशांचा प्रवाह योग्य दिशेने वाहतो. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला शाखा उघडली असल्याने पूर्व आफ्रिकेत भारतीय शिक्षणसंस्थेतून जाण्याचीही एक वाट तयार झाली आहे. पगाराविषयी आपल्याला फसवणार नाही: पहिली पाच-सहा वर्षे तिचे आयटीतील मित्र तिच्या पुढेच असतील, आणि करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचे असतील.

स्वाहिली तिने आजपासून शिकावी. मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही. अरबी-फारसीतून आणि हिंदी महासागराच्या व्यापारातून आलेले शब्द दोन्हीकडे आहेत. हिशेबाला तेथे हेसाबू म्हणतात, वहीला दफ्तारी, विम्याला बीमा, रंगाला रांगी, दुकानाला दुका आणि चहाला चाय. नैरोबीतील तरुण मात्र आपसात ‘शेंग’ बोलतात, स्वाहिली-इंग्रजीची खिचडी, आणि ती पुस्तकातून येत नाही.

तेथे भारतीय म्हणून वावरताना थोडे इतिहासाचे भान हवे. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधण्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर भारतातून नेले गेले, त्यांच्यामागून व्यापारी गेले, आणि २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई समाजाला देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरीही ‘मुहिंदी’ (भारतीय माणूस) म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे मालक किंवा दुकानदारच येतो. किबेरात केनियन तरुणीच्या हाताखाली काम करणारी भारतीय मुलगी हे दृश्य तेथे नवे असेल, आणि तिने तसेच जावे.

आपण सुरक्षिततेविषयी विचारले नाही, पण ती काळजी पत्रात आहेच. स्थानिक संस्थेने राहण्याची सोय कोठे केली आहे आणि तेथे आधी राहिलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का, हे विचारल्यावर संस्थेचा स्वभाव कळतो. केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, ते नसेल तर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. हे सगळे पुढचे आहे.

या आठवड्यात मुलीने त्या संस्थेला एकच ईमेल पाठवावी. मागील तुकडीने ज्या मुलांना शिकवले, ती मुले आज काय करत आहेत, त्या वर्गाला वर्षभर शिकवणाऱ्या स्थानिक शिक्षकांचे नाव काय, आणि पावणेदोन लाखांपैकी त्यांना किती मिळतात, एवढेच विचारावे. उत्तर आले तर त्याची प्रत मला पाठवावी. पंधरा दिवसांत आले नाही तर कंपनीचे नियुक्तिपत्र स्वीकारून पाबळला कधी जायचे ते ठरवावे.

आपली,
समुपदेशक