गॉब्लिनांची बाजू घेतली आणि आता चुटपुट लागलीय

प्रश्न: दादा नमस्कार, मी परळचा. रात्री घरचे झोपले की हेडफोन लावून बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळतो, पहिलीच वेळ. गॉब्लिनांच्या, म्हणजे त्या लुटारू राक्षसांच्या, कॅम्पात चार वेळा मार खाल्ला, शेवटी वैतागून त्यांची म्होरकी मिंथारा हिला ग्रोव्हचा, म्हणजे शिंगवाले टिफ्लिंग निर्वासित लपलेत त्या जागेचा, पत्ता सांगून टाकला आणि गेटपण मीच उघडलं. सगळे टिफ्लिंग मारले गेले, नंतर माझे सोबती विल आणि कार्लॅक दोघंही मला सोडून गेले. बहीण मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, "शी, किती नीच आहेस रे." जुना सेव्ह लोड करू का, की ती चीटिंग होईल?

उत्तर: अरे, आधी त्या चार वेळच्या माराबद्दल बोलू, कारण तुझं पाप तिथूनच सुरू झालंय. तू वाईट वागायचं ठरवलं नव्हतंस, तू कंटाळलास. माझा अंदाज आहे की तू सरळ आत शिरून समोर दिसेल त्याला हाणलंस, मग कोणीतरी वॉर ड्रम बडवला आणि अख्खा कॅम्प अंगावर आला. ते ड्रम आधी गुपचूप फोडायचे असतात. आणि म्होरके तीन आहेत, तिघांना एकदम अंगावर घ्यायची काय गरज, ती पुजारीण गट तर तुला स्वतःच बाजूच्या खोलीत एकटीला नेते, तिथेच तिचा निकाल लाव.

थोडा हिशोब पण कर. समज गॉब्लिनची एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) १५ आणि तुझा बोनस ५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडायला हवेत, चान्स ५५ टक्के. तोच तिरंदाज उंचावर चढव, २ वाढतात, ६५ झाले. लपून पहिला बाण मारलास तर ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, मग उंचावर न चढतासुद्धा जवळपास ८०. तुझ्या टर्नला कितीही वेळ विचार केलास तरी गेम काही बोलत नाही, विरारची लोकल पकडायचीय अशा घाईत खेळू नकोस.

आता लोड करायचं. चीटिंगबिटिंग काही नाही, गेम बनवणाऱ्या लॅरियननेच बटण दिलंय. पण मी म्हणेन नको करूस. मी माझ्या पहिल्या खेपेला अगदी हेच केलं होतं, पाच मिनिटांत घाबरून मागे गेलो, आणि नंतर प्रत्येक निर्णयाआधी एफ ५ दाबून सेव्ह करत बसलो, कशाचंच काही वाटेनासं झालं. तू पुढे जा. दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये लास्ट लाइट नावाची सराय लागते, ग्रोव्ह वाचवला असता तर तिथे ओळखीचे टिफ्लिंग भेटले असते, डॅमन लोहार भेटला असता, तुला नाही भेटणार. ते रिकामेपण एकदा बघच.

एक खटकतं मात्र, गेममध्ये चांगलं वागणाऱ्याला सोबती जास्त, क्वेस्ट जास्त, दुकानंपण जास्त. मग आपण ग्रोव्ह दयेपोटी वाचवतो की लूटसाठी? मला स्वतःबद्दलसुद्धा खात्री नाही. वाईट रस्त्याला मिंथारा सोबती म्हणून मिळते हे एक आमिष होतं, पण नंतरच्या पॅचेसनी तेही गेलं, नॉन-लेथल (जीव न घेणारा मार) चालू करून जवळच्या हत्याराने तिला नुसतं बेशुद्ध पाडलंस तर ती पुढे मूनराइझ टॉवर्समध्ये सापडते. म्हणजे दुसऱ्या खेपेला ग्रोव्हपण वाचव आणि तीपण घे. आणि हो, त्या गेटपाशी पोचलास की लॅपटॉप बहिणीकडे दे, बघू ती काय करते.

प्रश्न: पहिल्याच खेपेला ऑनर मोड, म्हणजे सगळ्यात कठीण पातळी, घेऊ का? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर: नको. एकच सेव्ह असतो, पार्टी मेली की ऑनर गेला, गेम पुढे चालू ठेवता येतो पण कस्टम मोडमध्ये. वरचं पत्र परत वाचा.