हेडफोनवर ऐकता येते, मग चर्चमध्ये कशाला?

आपण विचारले आहे की ठाण्यातील एका जुन्या चर्चमध्ये अँबियंट संगीत आणि भिंतींवर प्रकाशचित्रे असा कार्यक्रम आहे, तिकीटही आहे, तर ज्या संगीताला ताल नाही आणि बंदिशही नाही ते घरी हेडफोन लावून ऐकण्याऐवजी तेथे जाऊन का ऐकावे. हेच वाक्य माझे मेहुणे मला इतकी वर्षे ऐकवत आले आहेत, की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

नौपाड्यात आम्हा दोघांचा साउंड सिस्टीम भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. लग्ने, गणपती आणि प्रचारसभा यांवर तो चालतो. अशा कार्यक्रमाची सुपारी मात्र एकदाच मिळाली, ठाणे जिल्ह्यातीलच एका जुन्या चर्चमध्ये. आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये मी एक टाळी वाजवली, तर तिचा नाद विरायला सुमारे ५ सेकंद लागले. भाषण स्पष्ट कळण्यासाठी हा काळ १ सेकंदाच्या आसपास असावा लागतो. तेथे सेकंदाला तबल्याचा एकच ठोका पडला, तरी चार-पाच ठोके एकमेकांच्या अंगावर चढतील. याउलट लांबवलेला, सावकाश बदलणारा स्वर सोडला, की तो विरण्याच्या आत पुढचा स्वर त्यात मिसळतो आणि वादकाने एकत्र न वाजवलेले स्वरही भिंती एकत्र वाजवतात. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये ‘अँबियंट’ हे नाव रूढ केले, तेव्हा लक्ष दिले तरी चालेल आणि न दिले तरी चालेल असे संगीत त्यांना अभिप्रेत होते. पण चर्चमध्ये लक्ष न देणे जमत नाही. साध्या हेडफोनवर ऐकतानाही ध्वनिमुद्रणात कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे नाद घुमत विरण्याचा परिणाम, असू शकतो, मात्र मान वळवली तरी तो तसूभरही बदलत नाही.

मेहुण्यांचे म्हणणे असे, की नुसता तानपुरा लावून गवई घरी निघून गेला तर त्याला मैफल कोण म्हणेल, आणि निदान आवाज तरी दणदणीत हवा. मी चार लहान स्पीकर श्रोत्यांजवळ, कमी उंचीवर लावले होते. त्यांनी मला न विचारता दोन बेस, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, आणून ठेवले. श्रोते बसले की त्यांचे कपडे आणि शरीरे वरचे स्वर बरेच शोषून घेतात, खर्ज मात्र जाड भिंतींमध्ये घुमतच राहतो, ही गोष्ट मांडवात वाढलेल्या माणसाला पटवता येत नाही. कार्यक्रम सुरू असताना मी प्रोजेक्टर पाहायला कॉयरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, लाकडी माळ्यावर गेलो, नेमके तेव्हाच रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजू लागले आणि ते झाकण्यासाठी मेहुण्यांनी मिक्सरवर खर्ज चढवला. माळा थरथरला, त्याबरोबर प्रोजेक्टर थरथरला, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर इतका वेळ तळ्यातल्या पाण्यासारखे संथ हलणारे निळे चित्र हुडहुडी भरल्यासारखे कापू लागले. पुढच्या बाकावरील एका आजीबाईंनी कानांवर हात ठेवले. शेवटी टाळ्या पडल्या, आणि मेहुणे आजही त्या टाळ्यांचाच दाखला देतात. त्या टाळ्या कार्यक्रम संपल्याच्या होत्या, असे माझे मत आहे.

तेव्हा आपण अवश्य जावे, मधल्या बाकांवर बसावे आणि मोबाइल खिशातच ठेवावा, कारण प्रोजेक्टरचा ६,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाचे माप) प्रकाश ६० चौरस मीटर भिंतीवर पसरला की दर चौरस मीटरला जेमतेम १०० ल्युमेन, म्हणजे १०० लक्स, उरतो आणि शेजारचा उजळ पडदा डोळ्यांना लगेच खुपतो. चर्चचे छत बुटके आणि लाकडी असेल, तर रिव्हर्ब बराच कमी भरेल आणि माझे अर्धे म्हणणे बाद होईल, हे आधीच सांगायला हवे होते. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने ज्यांना फिट येते किंवा डोके दुखते, त्यांनी आयोजकांना आधी विचारावे. तिकिटाविषयी एवढेच, की कॅथलिक चर्चमधील मैफलींना प्रवेश विनामूल्य असावा आणि कलाकारांनी वेदीच्या भागात बसू नये, असे व्हॅटिकनच्या १९८७ च्या पत्रात म्हटले आहे. पैसे कशासाठी घेतले जात आहेत हे विचारायला हरकत नाही.

ते दोन बेस अजून आमच्या दुकानात आहेत. गणपतीत त्यांना भरपूर काम मिळते, आणि तेथे मी मेहुण्यांना एका शब्दानेही अडवत नाही.