एलझेडवर पोस्टडॉकला निघालीस, तर आधी खाली उतर

अगं, एलझेड म्हणजे डार्क मॅटर शोधणारा प्रयोग. त्यासाठी लीड गावी पोचलीस की लगेच कोडमध्ये डोकं घालू नकोस. अमेरिकेतल्या साउथ डकोटातली होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण, तिच्यात जवळजवळ दीड किलोमीटर खोल हा प्रयोग आहे. रे डेव्हिस यांनी सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण इथेच टिपले, २००२चं नोबेल त्याच कामाचं.

आता तिथे डार्क मॅटरची चाहूल टिपायला १० टन द्रव झेनॉन आहे आणि खरा वैरी आहे धूळ. तिच्यात युरेनियम-थोरियम, हवेत रेडॉन, सगळे किरणोत्सारी, त्यांच्यामुळे नको असलेले सिग्नल उमटतात. स्वच्छ कक्षात हातमोज्याची कड बाहीवर नीट चढलीय ना, दर वेळी बघ. कुठला भाग कधी पुसला, कुणी बसवला, सगळं तारखेनिशी वहीत लिही. वर्षभराने एखादा नको असलेला सिग्नल शोधताना तीच वही लागते.

आपल्याला हवं तेच दिसू नये म्हणून विश्लेषणात मुद्दाम खोटे सिग्नल मिसळतात, २०२४च्या निकालातही मिसळले होते. म्हणून एखादी नोंद कितीही देखणी दिसली, तरी निकष बदलू नकोस.