वाचकांचे प्रश्न : एसीच्या आउटडोअरला पांढरी पूड का धरते?

प्रश्न : मुलाची मुंबईहून परभणीला बदली झाली. वर्सोव्याला समुद्रालगत चार वर्षे वापरलेला दीड टनाचा स्प्लिट एसी त्याने सोबत आणला. इथे वर्षभरात दोनदा गॅस भरावा लागला. मेकॅनिक म्हणतो, कॉइलच गेली. इथली हवा कोरडी, मग गंज थांबायला नको का? (वाचक, परभणी)

उत्तर : गंज मंदावतो, पण थांबत नाही, कारण मीठ तुमच्या युनिटसोबतच आले आहे. आउटडोअरच्या कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ फिन घट्ट बसवलेल्या असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारट ओल, असे झाले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. फिन चोळल्यावर बोटाला लागते ती पांढरी पूड म्हणजे हेच झिजलेले अ‍ॅल्युमिनियम.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपोआप पाणी ओढून घेते. परभणीच्या एप्रिल-मेमध्ये तसे होत नाही, म्हणून उन्हाळ्यात सगळे ठीक वाटते. पाऊस लागला की फिनच्या फटींत बसलेले मीठ पुन्हा ओले होते. मुंबईहून एसी आणला की बसवण्याआधी आउटडोअर आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवायला हवा होता. हे काम बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात.

आता तिसऱ्यांदा गॅस भरू नका. आधी कॉइलमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायला लावा. ऑक्सिजन चुकूनही वापरू देऊ नका, कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. गळती एखाद्या वळणावर किंवा जोडावर असेल तर ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने सांधणे) करून, आतली हवा-ओल नीट व्हॅक्यूमने काढून गॅस भरा, युनिट चालेल. पण अंगठ्याने हलकेच दाबताच फिन पापडासारख्या झडत असतील, तर आज एक भोक बुजवाल आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरे उघडेल. अशा वेळी नवी कॉइल टाकणे किंवा युनिट बदलणे, एवढेच उरते. जुना एसी विकत घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी मागच्या बाजूने विजेरी मारून फिन बघाव्यात.

प्रश्न : लातूरला समुद्र कुठला! तरी आमच्या पश्चिमेच्या गच्चीवरच्या आउटडोअरला दोनच उन्हाळ्यांत पांढरा थर धरला आणि फिन झडू लागल्या. मे महिन्यात युनिट ट्रिप होते म्हणून ग्रीन नेट गुंडाळून वर बोअरच्या पाण्याचा फवारा लावतो. चूक कुठे? (वाचक, लातूर)

उत्तर : फवाऱ्यात. मराठवाड्यातून येणाऱ्या पत्रांत ही तक्रार फार आहे, म्हणून सविस्तर सांगतो. समुद्र नसला तरी क्षार आहेत, आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने कॉइलवर शिंपडता आहात.

हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरमागे १५०० मिलिग्रॅम धरला तर एका लिटरमध्ये दीड ग्रॅम क्षार असतात. निथळून गेलेले पाणी सोडून द्या. रोज १० लिटर जरी गरम फिनवर वाळले तरी १५ ग्रॅम क्षार मागे राहतात. दोन महिन्यांत ते ९०० ग्रॅम होतात. त्यातला चुना कडक पापुद्रा धरतो, उष्णता बाहेर पडू देत नाही. आणि पापुद्र्याखाली क्लोराइडची ओल कोंडून राहते, ती अ‍ॅल्युमिनियमवरचे नैसर्गिक संरक्षक आवरण फोडून बारीक खड्डे पाडते. पहिले काही दिवस फवाऱ्याने युनिट खरेच बरे चालते, म्हणूनच माणूस फसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसेल तर लिटरमागे टीडीएस २००० आणि क्लोराइड १००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले आहे. पण पिण्याला चालणारे पाणी कॉइलवर वाळायला चालेलच असे नाही.

फवारा आजच बंद करा. नेट युनिटला गुंडाळू नका, त्याने हवा अडते. दोन फूट उंच सांगाडा करून वर फक्त सावली करा. मागे किमान एक फूट आणि समोर चार-पाच फूट मोकळे ठेवा, म्हणजे फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही. मे महिन्यात दुपारी ट्रिप होण्याचे कारण बहुधा ही हवाच असते.

धुताना एमसीबी बंद करून दहा मिनिटे थांबा. वरचे झाकण व समोरची जाळी काढा, इलेक्ट्रिकल बॉक्सवर प्लास्टिक बांधा. मऊ ब्रश उभा, फिनच्या दिशेनेच फिरवा. आडवा फिरवलात तर फिन मुडपतात. हवा मागून आत येते, म्हणून धूळ बाहेरच्या अंगाला अडकते. त्यामुळे पाणी आतून बाहेर मारा. नळाचा जोर पुरतो, गाडी धुवायचा प्रेशर पंप नको. शेवटचे चार-पाच लिटर पाणी मात्र मऊ हवे, आणि ते तुमच्या घरातच आहे: इनडोअरच्या ड्रेन पाइपातून ठिबकते ते. ते हवेतल्या वाफेचे पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ बादलीत साठवा, फडक्याने गाळून वापरा. आरओचे वाया जाणारे पाणी वापरू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात.

संडासाचे अ‍ॅसिड लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते चुन्यासोबत अ‍ॅल्युमिनियमही खाते आणि वर क्लोराइड सोडून जाते. कॉइल क्लीनर मारल्यावर फेस उकळल्यासारखा फुगून वर आला तर मळ निघतोय असे समजू नका. त्यातला कॉस्टिक, म्हणजे तीव्र क्षार, अ‍ॅल्युमिनियमला लागला आहे, लगेच भरपूर पाण्याने धुवा. घट्ट बसलेला जुना पापुद्रा पूर्ण निघत नाही. सुटतो तेवढाच काढा.

प्रश्न : दुकानदार ब्लू फिन, गोल्ड फिन सांगतात. खरेच उपयोग होतो? (वाचक, बीड)

उत्तर : होतो. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमवरचे लेपच आहेत, मात्र रंगावरून दर्जा ठरत नाही. पत्र्याला लेप आधी दिलेला असतो आणि नंतर फिन कापल्या जातात, त्यामुळे कापलेल्या कडा उघड्या राहतात आणि झीज तिथूनच सुरू होते. अख्खी कॉइल तयार झाल्यावर बुडवून दिलेला लेप सरस. बीडमध्ये राहून त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. साधी ब्लू फिन घ्या आणि बोअरचे पाणी तिच्यावर वाळू देऊ नका.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. अलिबागजवळ किनाऱ्यालगत छोटे घर आहे, वर्षातून चार-पाच वेळा जातो. एसी फारसा चालतच नाही, तरी आउटडोअर छज्जाखाली सडला. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : छज्जाखाली आहे, म्हणूनच. उघड्यावरच्या युनिटचे मीठ पाऊस धुऊन नेतो. छज्जाखाली खारा वारा पोचतो, पाऊस पोचत नाही. युनिट शक्यतो घराच्या पूर्वेच्या, समुद्राला पाठ असलेल्या बाजूला घ्या. पोचल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मग अर्धा तास चालवून वाळवा. बंद घरात युनिट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते. स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि बोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे. नेहमीच्या ३०४ ला किनाऱ्यावर तांबूस डाग पडतात. दर खेपेला स्टँडचे भिंतीतले बोल्ट हाताने हलवून बघा. कॉइल गेली तर पैसे जातात, स्टँड सुटला तर खालच्या माणसाच्या जिवावर बेतते.

प्रश्न : आउटडोअर गोठ्याच्या भिंतीला आहे. तिथला गॅसची नळी जोडणारा पितळी नट उभा चिरला आणि गॅस गेला. नट खराब निघाला का? (वाचक, हिंगोली)

उत्तर : नटाचा दोष बहुधा नाही. शेण-मूत्रातून अमोनिया सुटतो, आणि ताणाखाली असलेले पितळ अमोनियात चिरते. नट जितका जास्त आवळलेला, तितका लवकर. गोठ्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला युनिट हलवा. नवा नट लावताना नळीचे तोंडही नव्याने फ्लेअर करून (कर्ण्यासारखे पसरवून) घ्या आणि टॉर्क पान्याने कंपनीने सांगितले तेवढेच आवळायला सांगा.