अरुंद रस्त्यावरचा दर्शनी भाग

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ड्रॉइंग्ज मिळाली. समोरचा रस्ता जेमतेम, त्यामुळे एलिव्हेशन, म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू, कुणाला धड दिसणारच नाही, मग त्यावर मेहनत का घ्यायची, असं तू विचारतेस. मला लगेच सतराव्या शतकातला वास्तुकार टिलमन व्हान गामेरेन आठवला.

हा मूळचा नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा, जन्म १६३२. इटलीत शिकला आणि लुबोमिर्स्की या बड्या सरदार घराण्याच्या चाकरीत पोलंडला आला, तो तिथलाच झाला. १६८५मध्ये त्याला उमरावपद मिळालं. १७०६मध्ये वॉर्सात वारला.

त्याचं पोलंडमधल्या क्राकूव शहरातलं सेंट अ‍ॅन चर्च नीट बघ. ते विद्यापीठाचं चर्च. १६८९मध्ये काम सुरू झालं. रस्ता इतका अरुंद, की समोर उभं राहून पूर्ण दर्शनी भाग नजरेत मावत नाही. लोक येतात ते बाजूने, तिरके. टिलमनने नेमकं तेच धरलं. खांब आणि कॉर्निस (भिंतीवरची पुढे आलेली आडवी पट्टी) भिंतीपासून चांगले पुढे काढले, त्यामुळे तिरक्या नजरेलाही उजेड-सावलीतून सगळी रचना वाचता येते. सपाट भिंतीवर नाजूक नक्षी केली असती तर तिथे ती वाया गेली असती. (आतलं बाल्दासारे फोंतानाचं गिलाव्यातलं शिल्पकाम हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

याच माणसाने त्याच सुमारास वॉर्सातलं सेंट काझिमिर चर्च केलं. व्हिएन्नाला १६८३मध्ये तुर्कांवर मिळालेल्या विजयाबद्दल कृतज्ञता म्हणून पोलंडची राणी मारिया काझिमिएराने ते बांधवलं. तिथे समोर मोकळा चौक आहे, इमारत लांबून सबंध दिसते. म्हणून भिंती शांत, रचना क्रॉसच्या आकाराची, वर घुमट, आणि बस्स. १९४४च्या बॉम्बफेकीत ते उद्ध्वस्त झालं, आसऱ्याला आलेली शेकडो माणसं त्यात गेली. युद्धानंतर ते पुन्हा उभं केलं.

आता तुझी ड्रॉइंग्ज. तिन्ही एलिव्हेशन्स अगदी समोरून काढली आहेत. त्या जागी तर समोरच्या घराची भिंत आहे! तिथून कोण बघणार? साइटवर जा, बसस्टॉपकडून चालत ये, पहिल्यांदा इमारत दिसते तिथे थांब आणि हाताने स्केच कर. सकाळी एक, उन्हं कलल्यावर एक. छज्जा किती पुढे काढायचा हे त्यावरून ठरव, बायलॉजमधली (बांधकामाच्या नियमांमधली) मर्यादा तपासून.

दोन्ही स्केचेस मला पाठव. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील.

तुझे,
सर